वॉटर्लूची रणभूमी गाइडबरोबर पायी कशी पाहावी

वॉटर्लूला मी पहिल्यांदा गेलो तो ब्रसेल्सहून सुटणाऱ्या अर्ध्या दिवसाच्या बसने. बस सिंहाच्या टेकडीपाशी, म्हणजे माथ्यावर सिंहाचा पुतळा असलेल्या स्मारकापाशी थांबली. दीड तास मिळाला, त्यातला बराचसा तिकिटाच्या रांगेत आणि पायऱ्या चढण्यात गेला. वरून चारही बाजूंना सपाट शेतं दिसली. फोटो काढले, उतरलो, बसमध्ये बसलो. 1815 सालच्या, नेपोलियनच्या शेवटच्या पराभवाच्या ज्या लढाईबद्दल शाळेपासून वाचत आलो, तिच्या जागेवर जाऊनही ती मला कळली नव्हती, आणि परतताना ते मनाला फार लागलं.

दुसऱ्या खेपेला स्थानिक गाइड घेतला आणि दिवसभर पायी हिंडलो. त्याने सुरुवातीलाच आम्हा पाच जणांना फ्रेंचांच्या बाजूच्या उतारावर, शेतातल्या पायवाटेवर थांबवलं आणि स्वतः उत्तरेकडे चढून गेला. माथा ओलांडल्यावर आधी त्याचे गुडघे दिसेनासे झाले, मग कंबर, मग टोपी. पलीकडून त्याने हाक मारली, तेवढीच ऐकू आली. परत येऊन म्हणाला, "मी एकटा होतो. त्या दुपारी माथ्यामागे हजारो माणसं आडवी पडून होती, आणि तुम्ही जिथे उभे आहात तिथून वर चढणाऱ्यांना त्यातलं एकही डोकं दिसत नव्हतं."

तिथून पुढे सगळा दिवस बदलला. वॉटर्लूची जमीन वरून पाहिली तर सपाट वाटते, पायांनी चालली तर तिचे खाचखळगे कळतात, आणि लढाई झाली ती त्या खाचखळग्यांत. म्हणून या लेखात मी एकाच गोष्टीचा आग्रह धरणार आहे: पायी चाला, आणि जमीन वाचता येणारा माणूस सोबत घ्या. बाकीची सगळी तयारी त्यासाठी.

वॉटर्लूच का निवडावं

नेपोलियनच्या लढायांच्या जागा युरोपभर विखुरलेल्या आहेत. लाइपझिगला 16 ते 19 ऑक्टोबर 1813 या चार दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून पाच लाखांच्या आसपास सैनिक भिडले. पण ती रणभूमी आता शहराच्या पोटात गेली आहे. 1913 साली उभारलेलं 91 मीटर उंचीचं स्मारक आणि गल्लीबोळांत उभे असलेले, फौजांच्या जागा दाखवणारे 'आपेलचे दगड' शोधत हिंडावं लागतं. दगडावर एन असेल तर ती नेपोलियनच्या फौजेची जागा, व्ही असेल तर त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या दोस्तराष्ट्रांची. हा खेळ मला आवडला, पण पहिल्या भेटीसाठी तो नाही.

ऑस्टरलिट्झ मात्र वॉटर्लूच्या तोडीचं आहे. चेक प्रजासत्ताकात, ब्र्नो शहराच्या पूर्वेला. 2 डिसेंबर 1805 ला नेपोलियनने प्रात्सेनचं पठार मुद्दाम मोकळं सोडलं, शत्रू तिथून खाली उतरल्यावर धुक्याआडून फौज चढवली आणि त्याची फळी मधोमध फोडली. त्या पठारावर 'शांतीचा स्तूप' नावाचं स्मारक आहे. त्याच्या एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं तर समोरच्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येतं. व्हिएन्नाहून ब्र्नो रेल्वेने दीड तासाचं अंतर असल्यामुळे ऑस्ट्रियाच्या सहलीला ते सहज जोडता येतं.

तरीही पहिली निवड वॉटर्लू. रणभूमी आटोपशीर आहे. दोन्ही फौजांच्या मुख्य फळ्यांमध्ये जेमतेम सव्वा किलोमीटर अंतर होतं. 26 मार्च 1914 च्या कायद्याने बेल्जियमने तिथल्या बांधकामावर बंधनं घातली, म्हणून शेतं आजही शेतं आहेत. ब्रसेल्स अर्ध्या तासावर आहे. आणि मराठी माणसाला एक जास्तीचं कारण आहे, ते पुढच्या टप्प्यात येईल.

पहिला टप्पा: चार दिवसांची गोष्ट पाठ करा

गाइडचा अर्धा वेळ ओळख करून देण्यात घालवू नका. एवढं घरूनच डोक्यात बसवून जा.

हद्दपारीतल्या एल्बा बेटावरून निसटून नेपोलियन 20 मार्च 1815 ला पॅरिसमध्ये पुन्हा गादीवर आला. उत्तरेला दोन फौजा होत्या: ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनची मिश्र फौज आणि ब्ल्यूखरची प्रशियन (प्रशिया या जर्मन राज्याची) फौज. दोघी एक होण्याआधी एकेकीला गाठायचं, हा नेपोलियनचा बेत. 15 जूनला त्याने शार्लरवापाशी सीमा ओलांडली. 16 तारखेला लिन्यी इथे त्याने ब्ल्यूखरला हरवलं, ही त्याची शेवटची जिंकलेली लढाई. त्याच दिवशी कात्र ब्रा इथल्या चौकात नेपोलियनचा सेनानी मार्शल ने आणि वेलिंग्टन झुंजत राहिले. 17 तारखेला धो धो पावसात वेलिंग्टन मागे हटला. प्रशियनही मागे हटले, पण आपल्या मायदेशाच्या दिशेने न जाता उत्तरेला वाव्रकडे, म्हणजे वेलिंग्टनला येऊन मिळता येईल अशा अंतरावर. त्यांचा माग काढायला नेपोलियनने आपला सेनानी ग्रुशी याला सुमारे 33 हजार माणसं देऊन पाठवलं होतं. 18 तारखेला, रविवारी, साडेअकराच्या सुमारास लढाई सुरू झाली तेव्हा ही माणसं भलतीकडेच होती.

18 तारखेचे पाच प्रसंग क्रमाने लक्षात ठेवा: ऊगुमाँच्या वाड्यावरचा हल्ला, दुपारी फ्रेंच सेनानी देर्लाँच्या पायदळाची चढाई, चारच्या सुमारास नेच्या घोडदळाच्या धडका, संध्याकाळी ला ए सँत शेतघर पडणं, आणि साडेसातच्या सुमारास शाही गार्डचा, म्हणजे नेपोलियनच्या निवडक राखीव फौजेचा शेवटचा हल्ला. आणि या सगळ्याच्या मागे, साडेचारपासून फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर प्लाँसन्वा गावात घुसत चाललेले प्रशियन.

आता मराठी धागा. वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली. याच माणसाने 1803 साली अहमदनगरचा किल्ला घेतला, 23 सप्टेंबरला असईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी लढाई केली आणि डिसेंबरात गाविलगड घेतला. असईला शिंद्यांच्या कवायती पलटणींनी आणि तोफखान्याने त्याचे दीड हजारांवर लोक मारले किंवा जखमी केले. उतारवयात त्याला कोणी विचारलं की लढाईतली तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती, तर त्याने वॉटर्लू नव्हे, असईचं नाव घेतलं, अशी नोंद आहे.

व्हिसाची वाट पाहत असाल तेवढ्यात एक दिवस काढून जालना जिल्ह्यातलं असई पाहून या. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा वाटाडे नाही म्हणत असतानाही वेलस्लीने ताडलं की मध्ये नदी ओलांडायला उतार असलाच पाहिजे, आणि तिथूनच फौज पार नेली. जमीन बघून अंदाज बांधायची ही नजर तिथे ओळखीची झाली, की बारा वर्षांनी बेल्जियममधल्या माथ्यामागे फौज लपवणारा माणूस परका वाटत नाही.

दुसरा टप्पा: टूर कोणती घ्यायची

तीन प्रकार मिळतात. ब्रसेल्सहून अर्ध्या दिवसाची बस: मी नको म्हणेन. चॉकलेटच्या दुकानात जेवढा वेळ देतात तेवढाच रणभूमीला देणाऱ्या बसमधून काही हाती लागत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे लंडन किंवा ब्रसेल्सहून निघणारी तीन-चार दिवसांची मोहीम-टूर. पहिल्या दिवशी शार्लरवा आणि लिन्यी, दुसऱ्या दिवशी कात्र ब्रा, मग वॉटर्लू. सोबत इतिहासकार किंवा निवृत्त लष्करी अधिकारी असतो, मुक्काम-जेवण त्यांच्याकडे. खर्च जास्त, पण मोहीम जशी घडली तशी पायाखालून जाते. ब्रिटनमध्ये रणभूमी दाखवणाऱ्या गाइडांची एक संघटना आहे, गिल्ड ऑफ बॅटलफील्ड गाइड्स. ती परीक्षा घेऊन बिल्ला देते. टूरचा गाइड बिल्लेधारी आहे का, हे जरूर विचारा.

तिसरा प्रकार मला सगळ्यांत पसंत आहे: मुक्काम आपला आपण ठरवायचा आणि स्थानिक गाइड तासांच्या किंवा दिवसाच्या बोलीने घ्यायचा. 'गाइड 1815' नावाची स्थानिक गाइडांची संघटना सिंहाच्या टेकडीच्या परिसरातच काम करते. बहुतेक ठिकाणी गाइडचे पैसे माणशी नसून गटामागे असतात, त्यामुळे चार-पाच जण मिळून गेलात तर परवडतं. दोनेक महिने आधी ईमेल करा, जूनसाठी त्याहून आधी.

बुकिंग पक्कं करण्याआधी गाइडला मी चार प्रश्न विचारतो, आणि उत्तरांवरून माणूस कळतो. एक, किती किलोमीटर चालवणार? उत्तर दोन-तीन असेल तर तो तुम्हाला संग्रहालयच दाखवणार. दोन, प्लाँसन्वाला नेणार का? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. वेलिंग्टनच्या सुमारे 68 हजारांत ब्रिटिश निम्म्याहूनही कमी होते, बाकी जर्मन, डच आणि बेल्जियन; शिवाय संध्याकाळपर्यंत 50 हजारांच्या आसपास प्रशियन येऊन पोचले. जो गाइड प्रशियनांना दोन वाक्यांत उडवतो तो तुम्हाला अर्धीच लढाई सांगतो. तीन, 1815 पासून जमिनीत काय बदललंय ते जागेवर दाखवणार का? चार, गट किती जणांचा? आठ-दहांच्या वर माणसं असली की मागच्यांना वाऱ्यात काही ऐकू येत नाही.

भाषेचं म्हणाल तर हा भाग फ्रेंच भाषिक आहे. इंग्रजी गाइड सहज मिळतो. गावांचे उच्चार मात्र आधी शिकून घ्या. रणभूमीजवळच्या ब्रेन-लालू स्टेशनचं नाव अक्षरं वाचून उच्चारलं तर तिथल्या कोणालाच कळत नाही.

तिसरा टप्पा: महिना, व्हिसा, सामान

18 जूनच्या आसपासच्या शनिवार-रविवारी जुन्या गणवेशातली हौशी मंडळी छावण्या टाकतात, कवायती करतात. उत्सव पाहायचा असेल तर तेव्हा जा. पण रणभूमी वाचायची असेल तर त्या दिवसांत पिकं उभी असतात, गर्दी असते आणि निवांत बोलणारा गाइड मिळत नाही. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबर. कापणी झालेली असते, उतारांच्या रेषा उघड्या पडतात. एप्रिलही चालेल, वारा सोसण्याची तयारी हवी.

जूनचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. तेव्हा 1815 सालच्यासारखं पीक अंगाला लागतं. त्या वेळी तिथे राय नावाचं धान्य पुरुषभर उंच उभं होतं, आणि पुढे चालणाऱ्या सैनिकाला कित्येकदा समोरची फळी दिसली ती अगदी जवळ गेल्यावर.

व्हिसा शेंगेन अल्पमुदतीचा. जास्त दिवस बेल्जियममध्ये राहणार असाल तर अर्ज बेल्जियमचा. पॅरिस पाच दिवस आणि ब्रसेल्स दोन असं असेल तर फ्रान्सचा. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान 15 दिवस आधी द्यावा लागतो, पण मे-जूनमध्ये भेटीची वेळच मिळत नाही, म्हणून तीन महिने हाताशी ठेवा. प्रौढांसाठी फी 90 युरो. प्रवासविमा निदान 30 हजार युरोंचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. गाइडच्या बुकिंगचा ईमेल अर्जाला जोडा, सहलीचा हेतू त्यातून नीट दिसतो.

सामानात बूट सगळ्यांत महत्त्वाचे. तिथली माती चिकण आहे, पावसानंतर तळव्याला वीट लावल्यासारखी बसते आणि पाऊल जड होतं. 17 जूनच्या पावसाने हीच माती झाली होती. चिखलात तोफा हलवणं आणि फौज जागेवर आणणं अवघड झालं, आणि हल्ला सुरू व्हायला दुपार होत आली. तेवढ्या तासांत प्रशियन जवळ आले. सह्याद्रीत पावसाळ्यात वापरता तेच ट्रेकिंगचे बूट आणा. विंडचीटर, लहान दुर्बीण, फोनमध्ये ऑफलाइन नकाशा. खायला काहीतरी जवळ ठेवा. रविवारी त्या खेड्यांत दुकानं बंद असतात आणि शाकाहारी माणसाचे हाल होतात.

एक कडक सूचना. शेतं खासगी आहेत, पायवाट सोडून पिकात शिरू नका. परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरायला बंदी आहे. नांगरटीनंतर बंदुकीची गोळी पायाशी दिसली तरी उचलू नका, गाइडला दाखवा.

चौथा टप्पा: पहिला दिवस, पायी

ब्रसेल्स मिदी स्टेशनवरून ब्रेन-लालूची गाडी पकडा. वॉटर्लू नावाचं स्टेशनही त्याच मार्गावर आहे, पण रणभूमीला ब्रेन-लालू जवळ. तिथून सिंहाची टेकडी अडीच-तीन किलोमीटर. खरं तर लढाई वॉटर्लू गावात झालीच नाही, ती दक्षिणेला माँ-सँ-जाँच्या माथ्यावर झाली. वेलिंग्टनचं ठाणं वॉटर्लूतल्या एका खानावळीत होतं, तिथून त्याने खलिता धाडला, म्हणून लढाईला ते नाव चिकटलं. ती खानावळ आता वेलिंग्टन संग्रहालय आहे.

तिकीट 'पास 1815' घ्या. त्यात जमिनीखालचं मेमोरियल संग्रहालय, पॅनोरमा, सिंहाची टेकडी, ऊगुमाँ, वेलिंग्टन संग्रहालय आणि नेपोलियनचं शेवटचं ठाणं हे सगळं येतं. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी पाहून घ्या.

आता क्रम. बहुतेक लोक आधी सिंहावर चढतात. तसं करू नका, सिंह शेवटी ठेवा. कारण तो सिंह हाच रणभूमीतला सर्वांत मोठा बदल आहे. नेदरलँड्सच्या राजाने आपला मुलगा जिथे जखमी झाला तिथे स्मारक म्हणून ही टेकडी रचवली. 1826 साली ती पुरी झाली. 40 मीटरांहून उंच अशा त्या ढिगासाठी लागलेली सुमारे 3 लाख घनमीटर माती आसपासच्या माथ्यावरूनच खरवडून काढली. म्हणजे ज्या माथ्याने वेलिंग्टनला तारलं तोच स्मारकासाठी छाटला गेला. 'यांनी माझी रणभूमी बिघडवली,' असं वेलिंग्टन पुढे म्हणाला, असं सांगतात.

म्हणून आधी पूर्वेला चौकात जा, जिथे ब्रसेल्स-शार्लरवा मोठा रस्ता ओआँ गावाच्या आडव्या रस्त्याला छेदतो. तिथे वेलिंग्टनचा सहायक अधिकारी गॉर्डन याचं स्मारक एका उंचवट्यावर आहे. पायऱ्या चढून वर उभे राहा आणि गाइडला जमिनीची जुनी पातळी दाखवायला सांगा. त्या उंचवट्याने ती राखली आहे. आजूबाजूची जमीन किती खाली गेली ते एका नजरेत कळतं. माझ्या मते अख्ख्या वॉटर्लूत यापेक्षा शिकवणारी जागा नाही.

याच चौकात वेलिंग्टन ज्याखाली थांबत असे ते एल्मचं झाड होतं. आठवण म्हणून लोकांनी त्याची साल आणि फांद्या इतक्या ओरबाडल्या की 1818 साली ते तोडावं लागलं. लाकूड इंग्लंडला गेलं, त्याची खुर्ची झाली. इथेच आयरिश 27 व्या पलटणीचं स्मारक आहे. ती पलटण चौकोन करून तोफांसमोर उभी राहिली आणि तिची जवळजवळ तीनातली दोन माणसं पडली. गाइडला इथे घाई करू देऊ नका.

चौकातून खाली अडीचशे-तीनशे मीटरवर ला ए सँत. शेतघर खासगी आहे, आत जाता येत नाही आणि समोरचा रस्ता भरधाव वाहनांचा आहे. मुलं बरोबर असतील तर हात धरा. मेजर बारिंगच्या हाताखाली सुमारे 400 जर्मन सैनिकांनी हे घर दुपारभर धरलं. काडतुसं मागवत राहिले, ती आली नाहीत. साडेसहाच्या आसपास घर पडलं तेव्हा चाळीसेक जण लढण्याजोगे बाहेर निघाले. भिंतीशी उभं राहून मागे चौकाकडे पाहा. मदत इतकी जवळ होती.

इथून पूर्वेकडे पापलॉत शेतघराच्या दिशेने पायवाटेने दीडेक किलोमीटर चाला. देर्लाँचं पायदळ याच उतारावरून चढलं. गाइडला सांगा की फ्रेंचांच्या बाजूने वर चढवा. चढ अगदी सौम्य वाटतो, पण पाठीवर ओझं, पायाखाली चिखल आणि समोर कोरं आकाश. माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. तिथे अचानक पायदळाची फैर झडली आणि मग ब्रिटिश घोडदळ अंगावर आलं. तेच घोडदळ जिंकण्याच्या भरात खालच्या खोलगटात दूरवर गेलं, फ्रेंच तोफांपर्यंत, आणि दमलेल्या घोड्यांनिशी परतताना भालाईतांनी कापलं. तो खोलगट भाग माथ्यावरून नीट दिसतच नाही. उतरून बघा, म्हणजे घोड्यांना परत चढताना काय झालं असेल ते पोटऱ्यांना कळेल.

जेवण करून ऊगुमाँ. सिंहापासून नैऋत्येला किलोमीटरभर, पायीच जा. याच्या दक्षिणेला 1815 साली दाट रान होतं. आज उघडं शेत आहे. रान नसल्यामुळे आजचा पाहुणा विचारतो की एवढ्या मोकळ्यात फ्रेंच भिंतीपर्यंत पोचले कसे. ते रानातून आले, झाडी संपली आणि तीसेक पावलांवर विटांची भिंत उभी. दक्षिण दारापाशी रानातली शेवटची चेस्टनटची झाडं उरली आहेत. खोडांना हात लावा, जखमा बुजल्यात पण वळ आहेत. बागेच्या भिंतीला बंदुका रोखायला पाडलेली भोकं आहेत. एकेका भोकातून वाकून पाहा, केवढासा तुकडा दिसतो ते.

उत्तरेच्या दाराशी मग जा. लग्रो नावाच्या धिप्पाड फ्रेंच अधिकाऱ्याने कुऱ्हाडीने हे दार फोडलं आणि तीस-चाळीस माणसं आत घुसली. ब्रिटिश अधिकारी मॅकडोनेल आणि मोजक्या सोबत्यांनी खांदे लावून दार परत बंद केलं. आत अडकलेल्यांपैकी, सांगतात, एक पोरसवदा ढोलकरी तेवढा जिवंत ठेवला. वाडा तोफगोळ्यांच्या आगीत जळाला, छोटं प्रार्थनाघर उरलं. तिथल्या लाकडी क्रूसाच्या पायाशी येऊन आग थांबली. जळलेले पाय अजून दिसतात. मी त्या खोलीत दहा मिनिटं काही न बोलता बसलो होतो. जखमी माणसं याच फरशीवर पडली होती.

शेवटी सिंह. लिफ्ट नाही, 226 पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर चुकवा, तोटा नाही. आता वर गेलात तर सपाट दिसणाऱ्या शेतात कुठे खोलगट आहे आणि कुठे माथा, हे तुम्हीच बोट दाखवून सांगू शकाल. खाली 1912 सालचा पॅनोरमा पाहा: 110 मीटर लांबीचं गोल चित्र, नेच्या घोडदळाच्या धडकांचं. चालून आल्यावर त्यातली शेतघरं ओळखीची वाटतात. मेमोरियल संग्रहालयाला दोन तास लागतात. दमला असाल तर दुसऱ्या दिवसावर टाका.

पहिल्या दिवसाचं चालणं बारा-चौदा किलोमीटर होतं.

पाचवा टप्पा: दुसरा दिवस, गाडीने

आज भाड्याची गाडी किंवा गाडीवाला गाइड हवा. सकाळी लिन्यी आणि कात्र ब्रा उरका. लिन्यीत लहानसं संग्रहालय आहे. कात्र ब्राला वेलिंग्टनच्या बाजूने लढणाऱ्या ब्रुन्सविकच्या जर्मन ड्यूकचं स्मारक आहे, तो तिथे पडला. बाकी बघण्यासारखं म्हणजे चौक. हा चौक हातात असला की प्रशियनांशी जोडणारा रस्ता हातात, एवढं उभ्या उभ्या समजून घ्या आणि पुढे निघा.

परतीच्या रस्त्यावर कायू, नेपोलियनचं शेवटचं ठाणं. 17 ची रात्र त्याने इथे काढली. खोल्या लहान आहेत आणि त्याची छावणीतली खाट आहे. तिथून बेल आलियाँस ही जुनी खानावळ ओलांडून प्लाँसन्वा. चर्चसमोर थांबा. हे गाव त्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा हातोहात फिरलं. घराघरांत, कबरस्तानात संगिनींनी लढाई झाली. गाव पडलं असतं तर नेपोलियनचा परतीचा रस्ता तुटत होता, म्हणून त्याने राखीव गार्डातल्या पलटणी इकडे काढल्या, आणि शेवटच्या हल्ल्याला त्या कमी पडल्या. गावाबाहेर प्रशियनांचं लोखंडी स्मारक आहे. बसच्या टूर इथे येत नाहीत, बहुधा तुम्ही एकटेच असाल.

दुपारी माँ-सँ-जाँचं शेतघर. इथे वेलिंग्टनच्या फौजेचं इस्पितळ होतं. 2019 साली उत्खननात कापून टाकलेल्या पायांची हाडं निघाली, 2022 साली एक पूर्ण सांगाडा. लोक विचारतात, हजारो माणसं मेली तर हाडं एवढी कमी कशी? इतिहासकारांनी कागदपत्रांतून याचं उत्तर शोधलं आहे: 1830 च्या दशकात भोवती बीटाच्या साखरेचे कारखाने आले, साखर शुद्ध करायला हाडांचा कोळसा लागे, आणि इथली हाडं उकरून विकली गेली. आजही त्या शेतांत बीट पिकतं. हे ऐकल्यावर आमच्यातल्या एकाने चहात साखर घातली नाही.

संध्याकाळ जखमी गरुडाच्या स्मारकाशी घालवा. बेल आलियाँसच्या जवळ, रस्त्याकडेला, 1904 साली उभारलेलं; नेपोलियनच्या फौजेतल्या शेवटच्या लढवय्यांसाठी. जूनमध्ये गेलात तर घड्याळाचा एक हिशोब लक्षात ठेवा. 1815 साली तिथली वेळ सूर्यावर चालायची, आजची उन्हाळी वेळ तिच्या पावणेदोन तास पुढे आहे. म्हणजे गार्डचा साडेसातचा हल्ला आजच्या घड्याळात सव्वानऊला, आणि सूर्यास्त दहाच्या सुमारास. सव्वानऊला तिथून उत्तरेला पाहिलंत तर उन्हाची तिरीप डावीकडून माथ्यावर येते आणि पलीकडचा उतार काळा पडलेला असतो. ब्रेन-लालूहून ब्रसेल्सची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे सकाळीच बघून ठेवा. गाडीवाला गाइड असेल तर त्याच्याशी साडेनऊपर्यंतची बोली आधीच करा.